साम्यवाद, धर्म आणि कुळाची जमीन
(गागोदे बुद्रुक येथे दिलेले व्याख्यान)



साम्यवादी लोक धर्माला अफू म्हणतात, एवढे आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले आहे. ते कोणी म्हटले, का म्हटले आणि आम्हा कष्टकऱ्यांना ते कितपत लागू पडते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आज तेवढेच सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

हे म्हणणे कार्ल मार्क्स या जर्मन पंडिताचे. ते १८४४ साली छापले गेले. त्या काळी अफू नुसते व्यसन नव्हते, दुखण्यावरचे औषधही होते. मार्क्सचा भावार्थ असा, की गांजलेला माणूस धर्मात आपले दुःख विसरतो. कळ थांबते, पण दुखणे जागच्या जागी राहते. दुखणे मुळातून काढा, म्हणजे अफूची गरज उरणार नाही.

यात खरे किती? पुष्कळ. मार्क्स १८८३ साली लंडनला वारला, आणि त्याच साली इकडे जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. जन्मापासून मरणापर्यंत विधींच्या नावाने कुणब्याची कशी नागवण होते, हे त्यांनी त्यात उघड केले. दारिद्र्य हे गेल्या जन्मीचे पाप, असे एकदा मनात भरले, की खोताला हिशेब कोण विचारणार?

पण हिशेब विचारला गेला, आणि तो याच जिल्ह्यात. अलिबाग तालुक्यातल्या चरी व आसपासच्या गावच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत खोताची जमीन कसली नाही. सहा वर्षे उपास काढले. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी कायदेमंडळात खोती मोडण्याचे बिल आणले. त्या कुळांनी घरचे देव टाकले नव्हते. टाकली होती ती नशिबाची भीती. पुढे १९४८ चा कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणाऱ्याच्या मालकीची वाट खुली झाली.

मग साम्यवाद्यांचे चुकले कोठे? त्याचे उत्तर मुंबईच्या गिरण्यांत सापडते. आपल्या कोकणातल्या किती घरांची चूल तिथल्या पगारावर पेटली! १९२८ साली गिरण्यांचा मोठा संप झाला. त्यात साम्यवादी पुढारी आघाडीवर होते. परंतु जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला शिरकाव नव्हता. कारण काय? तुटलेला धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्याच्या तोंडचा धोटा स्पृश्य कामगाराला चालत नसे. मालक एक, भोंगा एक, संप एक. पण धोटा वेगळा! ही बंदी उठविण्याची मागणी संपाच्या मागण्यांत यावी म्हणून बाबासाहेबांना पुढाऱ्यांपाशी हट्ट धरावा लागला.

तात्पर्य, आपल्याकडे धर्म हा नुसता दुखण्यावरचा लेप नाही. कोणाला कोणते काम, कोणाला कोणते पाणी, हे त्याच्याच नावाने ठरले. ते नुसती मजुरी वाढून सुटत नाही.

बरे, जबरदस्तीने तरी सुटते काय? रशियात साम्यवादी सरकारने १९३१ साली मॉस्कोचे मोठे ख्रिस्तमंदिर सुरुंग लावून उडविले. १९९१ साली ते राज्यच गेले, आणि २००० सालापर्यंत मंदिर त्याच जागी पुन्हा उभे राहिले. सुरुंगाने भिंत पडते, श्रद्धा पडत नाही.

उलट, धर्मबुद्धीने जमीन वाटता येईल, असे मानणारे विनोबा भावे आपल्याच गावचे. ते १८९५ साली इथे जन्मले. तेलंगणात साम्यवादी बंदुकीच्या जोरावर जमिनी वाटीत होते, तेव्हा १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत विनोबांनी भूमिहीनांसाठी जमीन मागितली. मागणी ऐंशी एकरांची. एका जमीनदाराने शंभर देऊ केले. पुढे लाखो एकर मिळाले. पण त्यातली बरीच जमीन नापीक निघाली आणि बरीच भूमिहीनाच्या हाती पोहोचलीच नाही. १९५३ साली देवघरच्या मंदिरात हरिजनांना घेऊन गेलेल्या विनोबांनाच पंड्यांनी मारहाण केली! दात्याच्या दयेला कायद्याची आणि कुळांच्या एकीची जोड नसली, म्हणजे ती वाटेतच आटते.

बाबासाहेबांनी २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. पिळवणूक संपली पाहिजे, हे त्यांना मान्य होते. रक्तपात आणि हुकूमशाही मान्य नव्हती. माणसाचे मन बदलणारा धर्म हवा, असे त्यांचे म्हणणे. आम्हासही तेच पटते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. देव मानावा की न मानावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण विधी दारात आला, की तीन प्रश्न विचारा. याचा पैसा कोणाच्या घरात जातो? याने कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवले जाते? आणि यासाठी कर्ज काढावे लागते काय? जो धर्म या तीन प्रश्नांना भीत नाही, तो खुशाल पाळा. जो भितो, तो सोडताना रडू नका. बाराव्याला जमीन गहाण टाकण्यापेक्षा त्या पैशात मुलीला शाळेत पाठवा.