प्रकाशाचा रंग आणि त्याची करणी



वस्त्रावर पडलेला हळदीचा डाग साबणाने चोळून जात नाही; उलट साबण लागताच तो तांबडा होतो, हे घरोघरी ठाऊक आहे. पण तेच वस्त्र ओले करून कडक उन्हात पसरले, म्हणजे हळूहळू डाग फिका पडून नाहीसा होतो. हे उन्हाच्या उबेने झाले म्हणावे, तर सावलीत चुलीच्या उबेला वाळवलेल्या वस्त्रावरचा डाग तसाच राहतो. तेव्हा हे काम उष्णतेचे नव्हे, प्रकाशाचे. प्रकाश पदार्थांत आणि जीवांत बदल घडवतो, तो कोणत्या नियमाने, एवढाच प्रश्न आज आपण विचारासाठी घेऊ.

पांढरा प्रकाश हे अनेक रंगांचे मिश्रण आहे, हे लोलकाच्या साहाय्याने न्यूटनने दाखवले आणि १६७२ साली ते प्रसिद्ध केले. या रंगांत भेद आहे तो तरंगलांबीचा. मिलीमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. जांभळ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० नॅनोमीटर, तर तांबड्याची सुमारे ७०० नॅनोमीटर. आपल्या डोळ्यांची धाव एवढीच. पण प्रकाश येथे संपत नाही. १८०० साली विल्यम हर्शेलने तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे तापमापक ठेवला, तो पारा वर चढला. पुढच्याच वर्षी रिटरला आढळले, की जांभळ्याच्या पलीकडील अंधारात चांदीचा एक क्षार झपाट्याने काळा पडतो. पहिले ते अवरक्त किरण, दुसरे ते जंबुपार अथवा अतिनील किरण. एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला रासायनिक बदल! प्रकाश किती आहे एवढे पाहून भागत नाही. तो कोणता आहे, हेही पाहावे लागते.

आता रंग म्हणजे काय, ते पाहू. हळद पिवळी दिसते, कारण ती निळा-जांभळा प्रकाश शोषून घेते आणि उरलेला परत पाठवते. झाडाचे पान तांबडा व निळा प्रकाश भरपूर शोषते. हिरवा त्या मानाने कमी, म्हणून ते हिरवे. थोडक्यात, आपल्याला दिसतो तो पदार्थाने नाकारलेला प्रकाश. पदार्थाच्या पोटात शिरतो तो निराळाच. आणि १८१७ साली ग्रोटहुस याने मांडलेला नियम असा, की जो प्रकाश शोषला जातो तोच रासायनिक बदल घडवू शकतो. नुसता वरून गेलेला प्रकाश काही करीत नाही.

यात आइन्स्टाइनने १९०५ साली मोलाची भर घातली. प्रकाशाची ऊर्जा सुट्या पुंजांनी येते, आणि तरंगलांबी जितकी आखूड तितका प्रत्येक पुंज जोरकस. उंच फांदीवरची कैरी पाडायची असेल, तर अर्ध्या वाटेवरून खाली येणारे हजार खडे मारून काय उपयोग? वरपर्यंत पोचणारा एक खडा पुरे. अंधाऱ्या खोलीत छायाचित्रे धुताना तांबडा दिवा चालतो, पांढरा चालत नाही, याचे मर्म हेच. तेथील कागदावर परिणाम करण्याचे काम तांबड्या प्रकाशाच्या आवाक्यातले नसते.

हाच नियम सजीवांना लागू आहे काय? १८८२ साली एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने शेवाळाच्या एका धाग्यावर लोलकातून निघालेला रंगांचा पट्टा टाकला आणि पाण्यात प्राणवायूकडे धाव घेणारे सूक्ष्म जंतू सोडले. हे जंतू तांबड्या आणि निळ्या भागांत गर्दी करून बसले. जेथे प्रकाश शोषला जात होता, तेथेच प्राणवायू निर्माण होत होता.

परंतु या नियमाचे खरे मोल कळले ते तान्ह्या मुलांच्या कावीळीत. पूर्ण दिवसांच्या सुमारे ६० टक्के मुलांना जन्मानंतर थोडीफार कावीळ दिसते. रक्तातील जुन्या तांबड्या पेशी मोडून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य होते, आणि कोवळ्या यकृताला ते पुरेसे बाहेर टाकता येत नाही. बहुतेक मुलांत ते आपोआप ओसरते. पण फार वाढले तर मेंदूत शिरून कायमची इजा करते. १९५६ साली इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात सिस्टर वॉर्ड या परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या मुलांना उन्हात नेत असत. एका मुलाचे अंग उन्हाने फिके झाले होते. चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला तेवढा भाग मात्र पिवळाच राहिला होता. तेथेच उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नमुन्यातही हे द्रव्य घटलेले आढळले. डॉ. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली यावर निबंध प्रसिद्ध केला.

आता आपणच उत्तर द्या, की यातील कोणता रंग कामाचा? द्रव्य पिवळे, म्हणजे ते निळा प्रकाश शोषते. तेव्हा इलाज निळ्या प्रकाशाचा! सुमारे ४६० ते ४९० नॅनोमीटरच्या प्रकाशाने बिलिरुबिनच्या रेणूची घडण बदलते, ते पाण्यात विरघळू लागते आणि पित्तावाटे व लघवीवाटे निघून जाते. आज रुग्णालयांत डोळे झाकून निळ्या दिव्यांखाली निजवलेली बाळे आपण पाहतो, ती यासाठी.

येथे एक इशारा दिला पाहिजे. ऊन हाच इलाज असेल तर मूल घरीच कोवळ्या उन्हात धरावे, असे पुष्कळांना वाटते. परंतु उन्हात निळ्याबरोबर भाजणारे अवरक्त आणि त्वचेला अपाय करणारे अतिनील किरणही असतात, आणि मात्रा तर मोजलेली नसते. जन्मानंतर २४ तासांच्या आतच कावीळ दिसली, पिवळेपणा तळपायांपर्यंत उतरला, किंवा मूल अंगावर पिईनासे झाले, तर एक दिवसही न दवडता रुग्णालय गाठावे. मोठ्या माणसांच्या कावीळीची कारणे निराळी. तिला हा प्रकाश लागू नाही, आणि गळ्यातली माळ तर कोणत्याच कावीळीला लागू नाही.

रंगीत बाटलीत पाणी भरून उन्हात ठेवावे आणि ते औषध म्हणून प्यावे, अशीही एक समजूत आपल्याकडे आहे. तिलाही हाच प्रश्न विचारू: तो रंग शोषला कोणी? पाणी डोळ्यांना दिसणारा प्रकाश जवळजवळ शोषतच नाही. मग त्यात औषधी गुण यावा कोठून?

शेवटची गोष्ट आपल्या रात्रीची. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत, की त्या पाहण्यापेक्षा दिवस आहे की रात्र हे शरीराला कळवण्याचे काम करतात. त्या स्वतःच प्रकाश ओळखतात, हे २००२ साली सिद्ध झाले. त्यांतील द्रव्य सुमारे ४८० नॅनोमीटरचा निळा प्रकाश सर्वांत जास्त शोषते. आजच्या पांढऱ्याशुभ्र एलईडी दिव्यांत निळा अंश बराच असतो. असा प्रखर दिवा रात्री उशिरापर्यंत डोळ्यांसमोर राहिला, तर शरीराला तो दिवसच वाटतो आणि झोप लांबते. तेव्हा निजण्याच्या खोलीत मंद, पिवळसर दिवा असावा. यात खर्च थोडा आणि हित मोठे आहे.

प्रकाशाच्या नावाने पुढे कोणी गुण सांगो की भीती घालो, आपण तीन प्रश्न विचारावेत: प्रकाश कोणता, तो शोषतो कोण, आणि मात्रा किती? ज्याला यांची उत्तरे देता येतील त्याचे ऐकावे.