मर्जीपलीकडचे नाते : वरिष्ठ, कनिष्ठ आणि काम

वरिष्ठाशी असलेल्या नात्याचा विचार मराठी नोकरदार वर्गात बहुधा मर्जी आणि स्वाभिमान या दोन टोकांमध्येच घुटमळतो. साहेब खूश आहेत की नाहीत आणि त्यांना खूश ठेवताना आपली मान किती झुकली, एवढ्यावरच ते नाते जोखले जाते. नांदेड आणि लातूर हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि दरबारी राज्यात मर्जीला येणारे महत्त्व तेथील पिढ्यांनी जवळून पाहिले होते. त्याच भूमीतून पुढे आलेल्या नेत्यांची कारकीर्द मात्र या नात्याकडे पाहण्याची वेगळी दृष्टी देते, कारण तिच्या मध्यभागी दोघांनी मिळून तडीस न्यायचे काम उभे आहे.

नांदेडचे शंकरराव चव्हाण हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात सलग महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते आणि त्यांच्या मंत्रिमंडळात पाटबंधारे खात्याची धुरा दीर्घकाळ शंकररावांकडे होती. नाईक विदर्भातील पुसदचे आणि मनमिळाऊ, तर शंकरराव इतके शिस्तप्रिय की 'हेडमास्तर' ही त्यांची ओळखच होऊन बसली. स्वभाव जुळल्याशिवाय वरिष्ठाशी पटत नाही हा समज येथे टिकत नाही. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, तेव्हा शंकरराव स्वतः मुख्यमंत्री होते. इतकी वर्षे चालणारे काम रोजच्या खुशामतीवर तग धरू शकत नाही. त्यासाठी हाताखालच्या माणसाला आपला विषय वरिष्ठापेक्षा खोलवर ठाऊक असावा लागतो, आणि आपल्याला अंधारात ठेवून काही केले जाणार नाही, एवढी खात्री वरिष्ठाला असावी लागते.

संसदीय राज्यपद्धतीत या खात्रीला सामूहिक जबाबदारीच्या तत्त्वाची जोड असते. मंत्र्याने आपला विरोध बैठकीत हवा तितका स्पष्टपणे मांडावा, परंतु निर्णय झाल्यावर बाहेर तो सर्वांचा म्हणून सांगावा आणि ते शक्य नसेल तर पद सोडावे, असा या तत्त्वाचा आशय आहे. कोणत्याही कचेरीला हा दंडक लागू पडतो. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ लोक नेमके उलटे वागतात, बैठकीत माना डोलावतात आणि चहाच्या टेबलावर विरोध करतात, आणि वरिष्ठाचा विश्वास बहुतेक वेळा तेथेच तुटतो.

नात्याची खरी परीक्षा पदे उलटतात तेव्हा होते. शंकररावांच्या १९७५ च्या मंत्रिमंडळात शरद पवार मंत्री होते. १९७८ मध्ये पवार मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्याहून वीस वर्षांनी वडील असलेले माजी मुख्यमंत्री शंकरराव त्यांच्या मंत्रिमंडळात मंत्री म्हणून काम करू लागले. या घडामोडीमागे पक्षीय राजकारणाची गणिते होती हे खरेच, तरीही आपल्या माजी सहायकाच्या अध्यक्षतेखाली बैठकीस बसण्यासाठी लागणारी मनाची तयारी त्यामुळे लहान ठरत नाही. पुढे १९८६ मध्ये शंकरराव पुन्हा मुख्यमंत्री झाले, तेव्हा लातूरच्या बाभळगावचे विलासराव देशमुख त्यांच्या हाताखाली मंत्री होते; विलासराव मुख्यमंत्री झाल्यावर शंकररावांचे पुत्र अशोक चव्हाण त्यांच्या मंत्रिमंडळात आले आणि डिसेंबर २००८ मध्ये त्यांचे उत्तराधिकारी ठरले. शेजारच्या दोन जिल्ह्यांत वरिष्ठपण असे एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहिले.

नात्याची दुसरी कसोटी वाईट बातमीच्या वेळी लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसे दगावली. अशा प्रसंगी नुकसानीची माहिती तलाठ्याकडून तहसीलदाराकडे, तेथून जिल्हाधिकाऱ्याकडे आणि पुढे मंत्रालयाकडे जाते, आणि या साखळीतील प्रत्येक दुव्याला वरच्याचा राग न ओढवता खरा आकडा सांगता आला तरच मदत योग्य जागी पोहोचते. अप्रिय वार्ता आणणाऱ्यावर खेकसणारा अधिकारी शांततेच्या काळातच स्वतःला आंधळा करून घेत असतो. म्हणून हाताखालच्याने वाईट बातमी लवकर, पूर्ण आणि शक्य असल्यास उपायासह सांगण्याची सवय लहानसहान प्रकरणांतच लावून घेणे अगत्याचे असते.

परदेशस्थ मराठी माणसाला ही उदाहरणे दूरची वाटण्याचे कारण नाही. वयाने लहान, कधी आपणच शिकवून तयार केलेला माणूस वरिष्ठ म्हणून येणे तेथील कंपन्यांत नित्याचे आहे, आणि वयाला मान देणाऱ्या घरात वाढलेल्यांना ते विशेष बोचते. अशा वेळी दुखावलेपण मनात साठवण्यापेक्षा कोणते निर्णय कोणी घ्यायचे, कोणती गोष्ट विचारून करायची, कोणती करून कळवायची आणि मतभेद कोठे बोलायचे, हे पहिल्या काही आठवड्यांतच समोरासमोर बसून ठरवावे, आणि त्या बैठकीची मागणी अनुभवाने वडील असणाऱ्यानेच आधी करावी.