आफ्रिकेच्या बिअरमधली ज्वारी

केनियाची नामांकित बिअर म्हणजे ‘टस्कर’. १९२२ साली हर्स्ट बंधूंनी नैरोबीजवळ कारखाना काढला आणि पुढच्याच वर्षी त्यांतला जॉर्ज शिकारीत हत्तीकडून मारला गेला. बाटलीवर चित्र आलं ते त्या सुळेवाल्या हत्तीचंच!

मात्र माझ्या मते खरी गोष्ट धान्याची आहे. आफ्रिकेच्या उष्ण भागांत बिअरसाठी लागणारी बार्ली नीट पिकत नाही. ती आणायची तर परकीय चलन मोजावं लागतं. नायजेरियाने १९८८मध्ये बार्लीची आयातच बंद केली. कंपन्या ज्वारी-मक्याकडे वळल्या. हो, आपल्या भाकरीचीच ज्वारी. मोझांबिकमध्ये २०११ साली कसाव्याची ‘इम्पाला’ निघाली. कसावा म्हणजे ज्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद. काढल्यावर तो लगेच नासतो, म्हणून प्रक्रियेचं फिरतं यंत्रच शेतकऱ्यांच्या दारी नेलं गेलं.

झांबिया, झिंबाब्वेकडची ज्वारीची बिअर ‘चिबुकू’ वेगळीच. गढूळ, दाट, आंबूस. खोक्यात भरल्यावरही ती आंबतच राहते, त्यामुळे काही दिवसांतच संपवावी लागते. तळाशी साका बसतो. पिण्याआधी खोकं हलवायचं. लोक तिला म्हणतातच ‘शेक शेक’!