कर्करोगाचा रुग्ण आणि रक्तातील सोडियम
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी आजारपणाचा विषय का, असे कोणाच्या मनात येईल. परंतु ज्याच्या नात्यागोत्यात कर्करोगाचा रुग्ण नाही असे घर आज विरळाच. बारामती-इंदापूरकडील रुग्ण किमोथेरपीसाठी पुण्याला किंवा मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात जातात आणि औषध घेऊन घरी परततात. पुढचे दिवस त्यांच्यावर लक्ष असते ते घरच्यांचेच. म्हणून घरच्यांना ठाऊक असावी अशी एकच गोष्ट आज सांगणार आहे.

रुग्ण एकाएकी सुस्त होतो. मळमळते, डोके दुखते, चालताना तोल जातो, बोलण्यात संगती राहत नाही. घरचे समजतात की रोग मेंदूत गेला, अंतकाळ जवळ आला. आणि उशाशी णमोकार सुरू होतो. णमोकार अवश्य म्हणावा. पण त्याच वेळी रक्तातील सोडियमही तपासून घ्यावे. या लक्षणांमागे सोडियमची घट असू शकते, आणि ती वेळीच ओळखली तर बहुधा सुधारता येते. सुधारणारी अवस्था शेवटची समजून स्वस्थ बसणे, यासारखे दुःख नाही.

रक्तात सोडियमचे प्रमाण दर लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल असते. ते १३५ च्या खाली गेले की घट मानतात. १२५ च्या खाली धोका बराच वाढतो. सोडियम घटले की पाणी पेशींमध्ये शिरते व त्या फुगतात. मेंदू कवटीत बंदिस्त असल्याने त्याला फुगायला जागा नसते. म्हणून भ्रम होतो, झटके येतात, क्वचित प्राणावरही बेतते.

‘सोडियम कमी’ म्हणजे ‘मीठ कमी पडले’ असे आपण सहज समजतो. बहुतेक वेळा ते खरे नसते. शरीरातील पाणी जास्त झाल्यामुळे सोडियम पातळ होते. सन १९५७ मध्ये विल्यम श्वार्ट्झ, फ्रेडरिक बार्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दोन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रक्तात सोडियम कमी असूनही त्यांच्या लघवीतून ते जातच होते. पाणी धरून ठेवणारे संप्रेरक गरज नसताना कार्य करीत असावे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. पुढे दिसून आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार हे संप्रेरक स्वतःच तयार करतो. व्हिन्क्रिस्टिन, सायक्लोफॉस्फमाइड ही औषधे, तसेच तीव्र वेदना व मळमळ यांमुळेही असे घडते. अशा रुग्णाला पाणी मोजून द्यावे लागते.

याउलट, किमोथेरपीनंतर उलट्या-जुलाब झाले तर पाणी व क्षार दोन्ही खरोखरच वाहून जातात. सिसप्लॅटिनमुळे मूत्रपिंडातूनही क्षार जातात. मुखाच्या कर्करोगात नाकातील नळीवाटे केवळ पातळ, अळणी पेये दिली गेली तरी सोडियम घटते. रक्तदाबासाठी लघवी वाढविणाऱ्या गोळ्या त्यात भर घालतात. उलट्या-जुलाबांच्या रुग्णाला सलाईन लागते. आकडा तोच, पण उपचार अगदी उलट! म्हणूनच रक्ताबरोबर लघवीचीही तपासणी करून डॉक्टर कारण ठरवितात.

यावरून घरच्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला काही औषधांच्या बाबतीत योग्य असतो, पण प्रत्येकाला नव्हे. आणि मिठाचे पाणी पाजण्याचा घरगुती उपाय करू नये. रुग्णालयातही, जुनी घट सुधारताना सोडियम दिवसाला साधारण ८ ते १० मिलिमोलपेक्षा अधिक वाढू देत नाहीत. ते झपाट्याने वाढल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

आता आपल्या आचाराविषयी. रसपरित्यागात कोणी मीठ सोडतो. कोणी चौविहारामुळे सूर्यास्तापूर्वी दोन-तीन पेले पाणी एकदम पितो. कोणी केवळ उकळलेल्या पाण्यावर उपवास करतो. निरोगी शरीराला हे पेलते. कर्करोगाचे उपचार चालू असताना मात्र ही माहिती डॉक्टरांना न विसरता सांगावी आणि गुरुमहाराजांच्या मार्गदर्शनाने व्रताचे स्वरूप ठरवावे. व्रत लपविल्याने डॉक्टरांचा अंदाज चुकतो.

सोडियमची तपासणी साधी आहे आणि बारामतीतच होते. एमआयडीसी परिसरात २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. किमोथेरपीनंतर रुग्णाची सुस्ती वाढली, तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर त्याच दिवशी तपासणी करावी. झटका आला किंवा शुद्ध हरपली तर पुण्याच्या वेळेची वाट न पाहता जवळचे रुग्णालय गाठावे. औषधांची यादी, उलट्या-जुलाबांची नोंद आणि दिवसभरात प्यायलेल्या पाण्याचे माप बरोबर असावे.

वैयावृत्त्याला आपल्याकडे अभ्यंतर तपात स्थान आहे. त्या सेवेला थोड्या माहितीची जोड मिळाली, तर एखाद्या घरातील माणूस पुन्हा आपल्या माणसांना नावाने हाक मारू शकेल.