नोकरीला बांधलेले शिक्षण
(अभ्यासवर्गातील भाषण)



अमेरिकेतील अनेक खाजगी महाविद्यालयांत कर्मचाऱ्यांच्या मुलांचे शिक्षणशुल्क पूर्णतः वा अंशतः माफ होते. प्राध्यापकाच्या मुलीप्रमाणेच रात्रपाळीत वर्ग झाडणाऱ्या कामगाराच्या मुलीलाही हे दार उघडे होऊ शकते. पदवीपर्यंतची ही माफी सामान्यतः करमुक्त असते. बड्या पगारदारांना झुकते माप दिल्यास त्यांची करसवलत मात्र जाते. शिवाय शेकडो संस्थांनी मुलांची अदलाबदल करण्याची व्यवस्था उभारली आहे. परंतु आलेल्या आणि गेलेल्या मुलांचा ताळमेळ राखावा लागत असल्याने प्रवेश मिळाला म्हणजे माफी मिळालीच असे नाही.

म्हणून श्रमिक कुटुंबाने माफीच्या आकड्याने हुरळून न जाता काही प्रश्न लेखी विचारले पाहिजेत. किती वर्षांच्या नोकरीनंतर हक्क लागू होतो? माफी किती वर्षांची? वसतिगृह व भोजन यांचा खर्च सहसा माफ होत नाही. तो कोण भरणार? माफी मिळताच गरजेवर आधारित इतर मदत किती घटते? मधेच पालकाची नोकरी गेली तर काय? चार वर्षांत घरातून प्रत्यक्ष किती पैसे जातील, याची बेरीज मांडली की कधीकधी आपल्या राज्याचे सरकारी विद्यापीठच स्वस्त ठरते.

येथपर्यंत व्यवहार झाला. खरा प्रश्न पुढेच आहे. ज्याच्या मुलीचे शिक्षण मालकाच्या हाती, तो कामगार अन्यायाविरुद्ध उभा राहताना दहा वेळा विचार करतो. चांगली नोकरी चालून आली तरी त्याचा पाय निघत नाही. उद्या संस्थेने सफाईचे वा भोजनगृहाचे काम कंत्राटदाराकडे सोपवले, तर झाडू तोच आणि वर्गही तेच. पण कामगार संस्थेचा उरत नाही आणि त्याच्या मुलीची माफी सुटण्याची पाळी येते. तासिकेवर शिकवणाऱ्या अध्यापकांनाही ती पुष्कळदा नाकारली जाते.

याच देशात दुसरी परंपराही होती. न्यूयॉर्कमध्ये १८४७ साली नागरिकांच्या कौलाने ‘फ्री अकॅडमी’ निघाली. पुढे तिचेच सिटी कॉलेज झाले. तेथे शिकण्यासाठी बाप कोणाचा चाकर आहे, हे विचारले जात नव्हते. शहराच्या आर्थिक अरिष्टात १९७६ साली ती शुल्कमुक्ती संपली. म्हणजे मोफत उच्च शिक्षण हे स्वप्नरंजन नव्हते. ते चालत होते आणि ते मोडण्यात आले.

तेव्हा कामगाराने आजची सवलत अवश्य घ्यावी. संघटनेने ती करारात लिहून घ्यावी आणि कंत्राटी सोबत्यांनाही मिळवून द्यावी. मात्र तिला न्याय समजण्याची चूक करू नये. नोकरीबरोबर जाते ती सवलत. नोकरी गेली तरी मुलीपाशी उरतो तो हक्क. लढा त्या हक्कासाठी आहे.