बिब्बा आणि गाठ



मागच्या बैठकीत एका मावशींनी आम्हांला प्रश्न विचारला. त्यांच्या सुनेच्या छातीत गाठ आली होती. कोणीतरी सांगितले, "बिब्ब्याने कॅन्सर बरा होतो. शहरात तशी परीक्षा झाली आहे." म्हणून मावशींनी चार महिने गाठीवर बिब्बा लावला. कातडीवर फोड उठले. गाठ मात्र वाढतच गेली. मावशी म्हणाल्या, "मग ती परीक्षा खोटी का हो?"

परीक्षा खोटी नाही. पण ती अर्धीच झाली आहे. ते कसे, हे आज आपण पाहू.

बिब्बा आपल्याला नवा नाही. पेठ-सुरगाण्याकडच्या लोकांना तो चांगला ठाऊक आहे. परीट त्याने कपड्यांवर खुणा करीत. त्याच्या टरफलात काळे तेल असते. ते अंगाला लागले की फोड येतात. पण टरफल फोडले की आत गोडंबी निघते. ती आपण लाडवांत घालतो. म्हणजे एकाच फळात जाळणारे तेलही आहे आणि खाऊही आहे. म्हणून "बिब्बा चांगला की वाईट?" एवढे विचारून भागत नाही. त्यातला कोणता भाग? किती? कोणत्या रोगावर? हे विचारावे लागते.

शास्त्रज्ञ हेच शोधतात. ते बिया वाळवतात, कुटतात आणि स्पिरिटात भिजत घालतात. मग गाळून स्पिरिट उडवून देतात. उरतो तो अर्क.

भिंत जशी विटांची, तसे आपले शरीर बारीक पेशींचे बनलेले असते. कॅन्सरमध्ये काही पेशी बेसुमार वाढतात. अशा पेशी प्रयोगशाळेत बशीत वाढवतात. एका बशीत थोडा अर्क टाकतात, दुसरीत जास्त, तिसरीत मुळीच नाही. दोन-तीन दिवसांनी किती पेशी जगल्या ते मोजतात. चांगल्या पेशींवरही तोच अर्क टाकून पाहतात.

बिब्ब्याच्या अर्काने बशीतल्या कॅन्सरच्या पेशी मेल्याचे दिसले आहे. मावशींच्या कानांवर आले ते एवढेच. पण बशीतल्या पेशी उकळत्या पाण्यानेही मरतात. म्हणून उकळते पाणी काही औषध होत नाही! तण मारताना पीक मरून चालत नाही, बरं का.

म्हणून पुढे अर्कातला गुणकारी पदार्थ वेगळा काढतात. तो आधी जनावरांना देऊन पाहतात. मग रोग्यांना, त्यांच्या संमतीने, मोजून मापून देतात. पुष्कळ अर्क या वाटेत गळून पडतात.

पण काही पोचतात. आपल्या शेजारी, नंदुरबारला, १९२५ साली मनसुख वाणी जन्मले. मुंबईत शिकून ते अमेरिकेत गेले. तिथे त्यांनी मन्रो वॉल यांच्याबरोबर यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल हा पदार्थ वेगळा काढला. ते १९७१ साली जगाला कळले. अमेरिकेत औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली ती १९९२ साली. एकवीस वर्षे लागली! बिब्बा अजून ती वाट चाललेला नाही.

मावशींच्या सुनेला मग मोठ्या दवाखान्यात नेले. गाठीचा तुकडा तपासला. कॅन्सरच निघाला. आता तिला औषध चालू आहे. तिच्या सलाइनमधून जाते ते टॅक्सॉलच. म्हणजे तेही मूळचे झाडाचेच. पण पारखलेले, मोजलेले. डॉक्टर म्हणाले, "चार महिने आधी यायला हवे होते."

मावशींचा हेतू वाईट नव्हता. पण वेळ गेली ती गेलीच. तेव्हा छातीत गाठ लागली, तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर लाजू नका, थांबू नका. सरकारी दवाखान्यात जा. तिथून नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात जाता येते. झाडपाला घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा.

चांगल्या कामात कोणी बिब्बा घातला की आपल्याला राग येतो ना? मग आपल्याच उपचारात आपण बिब्बा का घालायचा?