नांगर, खवणी आणि माणसाचे मन
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत झालेले भाषण)



‘व्यवसायातील कल्पकता आणि मनुष्यस्वभाव’ या विषयावर चार शब्द बोलण्याची संधी मंडळाने आम्हांस दिली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. मराठी माणसाला धंदा जमत नाही, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की ते तपासून पाहण्याचे कष्टही कोणी घेत नाही. निदान या बेंगळूर नगरीत तरी ते उच्चारताना थोडे थबकावे. १९४६ साली याच शहरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनीची स्थापना झाली. त्यापूर्वी १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्करचा कारखाना उभा राहिला होता. या सर्व विस्ताराचे मूळ मात्र एका न विकल्या गेलेल्या नांगरात आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत गेले, पण दृष्टीला काही रंगांतला भेद नीट कळत नाही असे आढळले आणि रंगांची वाट बंद झाली. त्यांनी यंत्रांच्या रेखाचित्रांची वाट धरली. पुढे बेळगावात बंधूंसह सायकलींचे दुकान चालविले आणि मग लोखंडी नांगर घडविला. नांगर चांगला होता. परंतु लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली.

या दोन वर्षांकडे आपण जरा थांबून पाहू. शेतकरी अडाणी होता, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण विकणाऱ्याचा फार तर एक नांगर वाया जाणार होता; घेणाऱ्याचे मात्र वर्षभराचे अन्न पणाला लागणार होते. ज्याचे नुकसान मोठे, त्याची शंकाही मोठी. ती शंका उपहासाने जात नाही. शेजारच्या शेतात उभे राहिलेले पीक पाहूनच जाते. १९१० साली औंध संस्थानच्या आश्रयाने कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, तेव्हा लोखंडाइतकेच माणसाच्या मनाचेही ज्ञान लक्ष्मणरावांच्या गाठीशी होते, असे आम्हांस वाटते.

पुढे त्यांचे पुतणे शंकरराव यांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. ती मुळात कारखान्याची आणि मालाची वार्ता देणारी पत्रिका. पण वाचणारा हा केवळ गिऱ्हाईक नसून घरसंसार असलेला, जिज्ञासा असलेला माणूस आहे, हे त्यांनी जाणले. त्या पत्रिकेचे मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ आले. आपल्यापैकी अनेकांच्या माजघरात ही मासिके वाचली गेली आहेत. माल विकण्यास निघालेल्या कागदाने मराठी घराला विचार करावयास लावले!

कल्पकता म्हणजे आकाशातून पडणारी वीज नव्हे. पुष्कळदा ती अडचणीच्या पोटी जन्म घेते. लालबागजवळच्या एम. टी. आर. उपाहारगृहाचेच पाहा. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली, तेव्हा आपण रव्याची इडली करून पाहिली, असे ते सांगतात. तांदूळ नाही म्हणून त्यांनी दार लावून घेतले नाही. आणि इडलीची सवय जडलेल्या माणसापुढे अगदीच अनोळखी पदार्थही ठेवला नाही. नवे असावे, पण ओळखीच्या ताटात असावे, हे मनुष्यस्वभावाचे मर्म आहे.

हे शहाणपण आम्हांस फुकट मिळालेले नाही. आम्ही दोघा मित्रांनी नोकऱ्या सोडून पीण्यात एक लहानसा कारखाना काढला होता. नारळ खवण्याचे हाताने फिरवावयाचे यंत्र आम्ही तयार केले. या नारळाच्या मुलखात ते हातोहात खपेल, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नव्हती. दुकानदारांनी माल ठेवून घेतला आणि काही महिन्यांनी तसाच परत केला. ‘बायकांना जुनी विळी-खवणीच हवी, त्याला आपण काय करणार?’ असे आम्ही एकमेकांस सांगत राहिलो. अखेर शेजारच्या कन्नड आजींनी आम्हांला स्वयंपाकघरात नेले आणि यंत्र ओट्याला लावून दाखवा म्हणाल्या. ते लागेना! ओट्याची कडप्पा फरशी जाड, आणि आमच्या यंत्राचा चिमटा लहान. आजी हसल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, ‘आधी का नाही आलात?’ चिमटा बदलण्याइतके भांडवल तोपर्यंत उरले नव्हते. कर्ज फेडण्यास तीन वर्षे लागली आणि त्यात दोन्ही घरांतले दागिने गेले. आमच्या यंत्रात दोष होताच. पण त्याहून मोठा दोष, स्वतःस न विचारता गिऱ्हाइकाला बोल लावण्याचा होता.

आता मंडळाविषयी, कारण हा विषय केवळ बाजाराचा नाही. आपली मुले मंडळात येत नाहीत, मराठी बोलत नाहीत, ही तक्रार दर सभेत ऐकू येते. आम्हीही ती केलेली आहे. पण ही भाषा त्यांच्या ओट्याला लागते की नाही, हे आपण त्यांच्या घरात जाऊन पाहिले आहे काय? चुकीचे मराठी बोलल्यावर मोठी माणसे हसतील, ही त्यांची भीती त्या शेतकऱ्याच्या भीतीइतकीच खरी आहे. ती धाकाने किंवा टोमण्यांनी जाणार नाही. त्यांच्या हाती रंगमंच द्या, गणेशोत्सवाचा हिशेब द्या, कानडी मित्रांना सोबत आणू द्या. आणि त्यांचे मोडकेतोडके मराठी हसू न आणता ऐका. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली होती. आपण दोन रविवारांतच निराश का व्हावे?

पन्नास वर्षे मंडळ ज्यांनी सांभाळले, त्यांना आमचा नमस्कार. पुढची पन्नास ज्यांनी सांभाळावयाची, त्यांच्या दारी आपणच आधी जावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.